छतातला षड्ज

"पण अक्का, तुम्हाला खरंच ऐकू येत नाही?"

"काय?"

"हे. वरून येतंय ते. छतातून."

तुंगाक्कांनी मान वर केली. छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"छतातून…" एवढंच म्हणाल्या.

हेरंबनं कानावरचे हेडफोन काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि तसेच परत दिले.

"तूच ऐक," त्या म्हणाल्या.

हेरंब अष्टेकर सांगलीचा. गाणं तुंगाक्कांकडे शिकलेला, आणि यंत्रांचं स्वतःचं स्वतः. दोन्हींतलं आपल्याला चांगलं कळतं असं त्याचं मत होतं, आणि यंत्रांपुरतं ते खरंही होतं. घराच्या गच्चीवरची खोली त्यानं रेकॉर्डिंगसाठी सजवली होती. भिंतींवर ग्लासवूल भरून वरून कापड ताणलेल्या चौकटी, दाराला रबराची पट्टी, खिडकीला दुहेरी काच. दार लावलं की खालच्या रस्त्यावरचा भोंगासुद्धा आत यायला लाजायचा.

घरी कुणीही आलं की हेरंब त्याला या खोलीत न्यायचा, मधोमध उभं करायचा आणि एक सणसणीत टाळी वाजवायचा.

"ऐकलंत? काही परत आलं?"

पाहुण्याला यावर काय बोलावं ते कळायचं नाही. "नाही बुवा," तो म्हणायचा. हेरंब खूश व्हायचा. मग चहा मिळायचा.

फक्त छत तेवढं राहिलं होतं. वर नुसता सिमेंटचा स्लॅब, चुना मारलेला, आणि त्याला लटकलेला पंखा. छताचं नंतर बघू, असं म्हणत म्हणत ते राहूनच गेलं होतं.

आणि आता छत आडवं आलं होतं.

तुंगाक्कांच्या गळ्यात गाठ निघाली होती. गुरुवारी मिरजेला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज राहील, पण कुठला राहील ते आत्ता सांगता येत नाही. हे हेरंबला सांगताना अक्का हसल्या होत्या. त्याला काही हसता आलं नव्हतं.

अक्कांच्या गुरूंनी तोडी रागात एक बंदिश बांधली होती. ती अक्कांना मिळाली, आणि अक्कांपाशीच राहिली. बाकीचे शिष्य कधीच आपापल्या वाटेनं गेले होते. उरला हेरंब. आणि रेकॉर्डिंग म्हणाल तर आयुष्यभरात एकही नाही. रेडिओवाले येऊन गेले, कॅसेटवाले येऊन गेले, अक्कांनी सगळ्यांना पोहे खायला घातले आणि परत पाठवलं.

आता मात्र हेरंबनं पाय धरले. "एकच बंदिश, अक्का. गुरुवारच्या आधी." अक्का म्हणाल्या, बरं.

गळा साथ द्यायचा तो सकाळी, एकदाच. एकदा गायल्या की दिवसभर आवाज फाटका राहायचा. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. दिवसाला एक संधी.

त्यातली सोमवारची आत्ताच वाया गेली होती.

"दर ओळीच्या शेवटी येतंय, अक्का. तुम्ही षड्जावर येता ना, अगदी तिथंच. तुमचा सूर बारीक होत जातो आणि खालून दुसराच काहीतरी वर येतो. गढूळ होतं सगळं. छतावर आपटून परत येतोय तुमचाच आवाज."

"माझाच?"

"तुमचाच. दुसरा कुणाचा असणार?"

अक्कांनी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

"मग… काय करायचं म्हणतोस?"

"छताला गप्प करायचं," हेरंब म्हणाला.

"कर बाबा," अक्का म्हणाल्या. "कुणालातरी गप्प करायला पाहिजेच."

---

दुपारी हेरंबनं शिडी लावली. आधी पंखा उतरवला. एप्रिलचं ऊन, वर तापलेला स्लॅब, आणि पंखा नाही. मग ड्रिल घेऊन छताला भोकं पाडायला लागला. गच्चीवर केतकीनं, त्याच्या बायकोनं, कुरडया वाळत घातल्या होत्या. दार उघडं राहिल्यामुळे त्यांच्यावर सिमेंटची पांढरी धूळ बसली. तिनं येऊन एकदा कुरडयांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता खाली गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं हेरंबला वाटून गेलं.

हुक बसवले. चौकटी टांगल्या. छतापासून वीतभर खाली, म्हणजे मधली हवासुद्धा आवाज खाईल. ग्लासवूलचे बारीक तंतू मानेवर पडले, कॉलरमधून आत गेले. खाज सुटली. एका हातानं चौकट धरायची आणि दुसऱ्यानं पाठ खाजवायची, असा त्याचा शिडीवर नाच चालला होता.

अक्का खालच्या खोलीत उतरल्या होत्या. ऑपरेशनपर्यंत त्यांचा मुक्काम त्याच्याकडेच होता. संध्याकाळी जिना चढून त्या वर आल्या आणि शिडीखाली उभ्या राहिल्या.

"छताला ताप आलाय का रे? पांघरूण घालतोयस ते."

हेरंबला हसू आलं नाही. त्यानं शिडीवरून उतरून टाळी वाजवली. कान टवकारले. पुन्हा वाजवली.

"बघा! काही येतंय?"

"नाही."

"संपलं मग! उद्या बघा आता. उद्या काचेसारखं स्वच्छ येणार."

एक चौकट उरली होती. ती अक्कांनी भिंतीशी उभी केली, तिला पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "हे टेकायला बरं आहे हां."

---

मंगळवारी सकाळी अक्का गायल्या.

त्या पुढे, मायक्रोफोनसमोर. हेरंब मागे, तंबोरा घेऊन. हीच त्यांची बैठक. मैफिलीतही शिष्यानं असंच बसायचं असतं. तंबोरा छेडत राहायचं आणि गुरूंनी श्वास घेतला की मागून हळूच सूर भरायचा, म्हणजे गाण्याला फट पडत नाही. हेरंब हे काम नामी करायचा. अक्कांचा षड्ज लागतो न लागतो तोच मागून त्याचा षड्ज उभा. लोक नावाजायचे. म्हणायचे, शिष्य असावा तर असा.

रेकॉर्डिंगला अर्थातच त्यानं गायचं नव्हतं. त्यानंच ठरवलं होतं तसं. नुसता तंबोरा.

बंदिश संपली. अक्कांनी पाण्याचा घोट घेतला. हेरंबनं तंबोरा जवळजवळ टाकलाच आणि हेडफोन लावले.

त्याचा चेहरा उतरत गेला.

"आहे," तो म्हणाला. "अजून आहे."

"काय?"

"तेच! तिथंच! षड्जावर!" त्यानं वर पाहिलं. एकही कोपरा उघडा दिसत नव्हता. "टाळी परत येत नाही. मी काल रात्रभर बोलून बघितलं, गाऊन बघितलं, माझं सगळं स्वच्छ येतंय. मी एकटा गायलो तर काही नाही. तुम्ही गायलात की येतंय!"

"तुझं तुला स्वच्छ ऐकू येतं," अक्का म्हणाल्या. "चांगलं आहे की."

"थट्टा नको हो अक्का! तुमच्या आवाजाची पट्टी आणि या छताची पट्टी कुठंतरी जुळतेय. तुमच्या षड्जाला हे छत बोलतंय."

"षड्जाला बोलणारं छत…" अक्कांनी पुन्हा वर पाहिलं. "भाग्याचं आहे."

त्या खाली निघून गेल्या. त्यांचा आवाज बसला होता, जिन्यावरून त्यांनी केतकीला हाक मारली ती नीट उमटलीसुद्धा नाही. हेरंबनं ती ऐकली आणि तो लगेच कामाला लागला.

त्यानं घरातल्या गोधड्या आणल्या. चौकटींच्या वर, त्या वीतभर जागेत, कोंबल्या. कोपऱ्यांत गाद्या ठोकल्या. दिवाणावरची गादीसुद्धा वर गेली. दुपारी जेवला नाही. रात्री अंगाला खाज आणि डोक्यात तो षड्ज. कूस बदलायचा, उठायचा, वर जाऊन टाळी वाजवायचा, खाली यायचा. केतकी म्हणाली, "आता मीच एक वाजवीन हं." मग तो पडून राहिला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते छताच्याही वर कुठंतरी होतं.

त्या बंदिशीच्या मुखड्याची शेवटची जागा हेरंबला येत नव्हती. कॉलेजात असल्यापासून तो ती घोकत होता. अक्का मुखडा गायच्या, तो लगेच म्हणायचा. षड्जावर येऊन थांबायचा. अक्का मान हलवायच्या.

"नाही आली. ऐक."

पुन्हा गायच्या. तो पुन्हा म्हणायचा. षड्ज लांबवून बघितला, आखडून बघितला, हलवला, स्थिर ठेवला, डोळे मिटून लावला. प्रत्येक वेळी तेच.

"नाही आली. ऐक."

इतकी वर्षं! केस पांढरे व्हायला लागले. आणि मग एक दिवस त्याच्या मनात आलं, की अक्का ती जागा राखून ठेवतायत. जुने लोक असतातच असे, सगळं देतात आणि किल्ली कमरेला ठेवतात. एकदा मनात आलं ते गेलं नाही. अक्कांच्या पाया पडतानाही ते आतून टोचत राहायचं.

म्हणून तर रेकॉर्डिंग हवं होतं. माणूस लपवील, यंत्र लपवणार नाही. पुन्हा पुन्हा लावून, सावकाश करून, चिरून बघता येईल त्या जागेत काय आहे ते.

आणि नेमकी तीच जागा छत खात होतं.

---

बुधवारी सकाळी अक्का वर आल्या तेव्हा हेरंब शिडीवरच होता.

"उतर. गाते."

"थांबा अक्का. हा कोपरा अजून…"

"आज बुधवार आहे."

"मला माहितेय बुधवार आहे!"

तो ओरडलाच. अक्कांसमोर तो कधी आवाज चढवून बोलला नव्हता. शिडीवरून उतरला. हात काळे, मानेवर खाजवून लाल ओरखडे, डोळे सुजलेले.

"काय उपयोग आहे गाऊन? तिथं काही कळणारच नाहीये! आधी तुम्ही सांगितलं नाहीत, आता हे छत सांगू देत नाही."

अक्का उभ्याच होत्या.

"मी… सांगितलं नाही?"

"ती जागा. मुखड्याची. एवढी वर्षं 'नाही आली, नाही आली'. काय नाही आलं ते कधी सांगितलंत? उद्या तुमचा आवाज…" पुढचं त्याला बोलवेना. "राखून ठेवलीत ना? एक शिष्य उरला, त्यालाही नाही दिलीत."

खोली फार शांत होती. इतकी शांत, की बोललेलं आपल्याच कानांत रुतून बसत होतं. हेरंबला लाज वाटली आणि तरीही बोललेलं मागे घ्यावंसं वाटलं नाही.

अक्कांनी सतरंजी सरळ केली. मग खाली बसल्या. मायक्रोफोनसमोर, नेहमीच्या जागी.

"ती पेटी आहे ना तुझ्याकडे? तंबोऱ्याची?"

"इलेक्ट्रॉनिक?" हेरंब चमकला. त्या पेटीला अक्का 'डास' म्हणायच्या. तिच्यावर गायला बसणं म्हणजे त्यांना अपमान वाटायचा. "आहे. पण तुम्ही…"

"लाव."

त्यानं पेटी लावली. सूर जुळवला. पेटी गुणगुणायला लागली.

"आता तुझं यंत्र चालू कर."

केलं.

"आता खाली जा."

"मी?"

"दार ओढून घे."

"अक्का, यंत्राकडे कुणीतरी बघायला…"

"जा."

---

हेरंब खाली आला. बसला. उठला. जिन्यापाशी जाऊन कान दिला. काही ऐकू येत नव्हतं. खोली त्यानं स्वतःच इतकी बंद केली होती. आत अक्का त्यांची बंदिश गात होत्या, कदाचित शेवटची, आणि तिच्या बाहेर उभं राहायची पाळी त्याच्यावर आली होती. रागावून घालवलं त्यांनी, त्याला वाटलं. बरोबरच आहे. बोललोच तसं.

तो स्वयंपाकघरात गेला. केतकी कुरडया झटकून डब्यात भरत होती. तो ओट्याशी उभा राहिला. मग खिडकीशी. मग पुन्हा ओट्याशी.

"ते बंद कर आधी," केतकी म्हणाली.

"काय?"

"गुणगुणणं."

"मी कुठं गुणगुणतोय?"

केतकीनं हातातली कुरडई खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"हेरंब, तू झोपेतसुद्धा गुणगुणतोस."

त्याला ते पटलं नाही. वाद घालायला त्राणही नव्हतं. वरून दार उघडल्याचा आवाज आला आणि तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला.

अक्का त्या उरलेल्या चौकटीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले.

"ऐक," त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता.

त्यानं हेडफोन लावले.

पहिली ओळ. मुखडा. अक्कांचा आवाज खाली उतरत आला, बारीक झाला, षड्जावर टेकला…

हेरंबनं श्वास रोखला.

गढूळ काही आलं नाही. आणि षड्जावर ओळ संपली नाही. षड्ज लागला न लागला असा सुटला, तिथून अक्का खाली गेल्या, मंद्र निषादाला, इतक्या हळू की दार लोटल्यासारखं. तिथं क्षणभर राहिल्या. आणि मग षड्जावर परत आल्या. आता तो पहिला षड्ज राहिला नव्हता. घर तेच, पण कुणीतरी बाहेर जाऊन आलेलं.

त्यानं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. दुसऱ्या ओळीला तेच. तिसऱ्या ओळीला तेच. प्रत्येक वेळी, प्रत्येक ओळीला, न चुकता.

"अक्का!" त्यानं हेडफोन काढले. तोंडावर हसू मावत नव्हतं. "जमलं! छत जमलं! गोधड्यांनी काम केलं. बघा, मी म्हणत होतो ना? एकदम स्वच्छ! आणि ती जागा… अक्का, ती जागा आहे त्यात! निषादाची! दिलीत तुम्ही आज!"

अक्कांनी डोळे उघडले.

"आज?"

"आज पहिल्यांदा."

"हं…" त्यांनी घसा खाकरला. "काल रात्रीपासून छतात काय बदललंस?"

"काल… काही नाही. गोधड्या दुपारीच घातल्या होत्या, सकाळचा कोपरा तर राहूनच गेला. रात्री मी नुसती टाळी…"

"गोधड्या घातल्यावर तू मला ऐकलंस?"

"नाही. आज पहिल्यांदाच. म्हणजे त्यांनीच…"

"असेल," अक्का म्हणाल्या. "मग त्या काढून बघ. उद्या मी नसले तरी तुझं यंत्र आहे, कालचं गाणं त्यात आहे. ते ऐक. आजचं ऐक. आणि खोलीतून आज काय काढलं होतं ते बघ."

"आज काही काढलं नाही, अक्का. पंखा सोमवारीच…"

तो थांबला.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. यंत्र. मायक्रोफोन. अक्कांची सतरंजी. तिच्या मागे त्याची स्वतःची बैठक, आणि तिच्यावर आडवा ठेवलेला तंबोरा.

तो बैठकीकडे पाहत राहिला.

मग हळूच खाली बसला, हेडफोन लावले आणि मंगळवारचं गाणं लावलं. अक्कांचा आवाज उतरत आला. षड्ज लागला. आणि खालून तो दुसरा सूर वर आला. निषादाच्या नेमक्या तोंडावर.

छतासाठी ऐकलं तेव्हा छतच ऐकू आलं होतं. आता त्यानं नुसतं ऐकलं.

तो सूर ओळखीचा होता. ओठ मिटून लावलेला. थोडा नाकातून. स्वतःवर खूश असलेला.

हेरंबच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं सोमवारचं लावलं. तिथंही तोच. प्रत्येक ओळीला. अक्कांची ओळ अजून हवेत असताना, तिला बसायला जागा न देता, तो उभा.

त्याला कॉलेजातल्या सकाळी आठवल्या. अक्कांच्या घरची सतरंजी आठवली. मैफिली आठवल्या, नावाजणारे लोक आठवले. त्या प्रत्येक ठिकाणी अक्कांनी निषाद लावला असणार. त्याच्यासमोर. त्याच्यासाठी. आणि तो वर षड्ज घेऊन बसलेला.

हेडफोन त्याच्या मांडीवर पडले.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

अक्कांनी पाण्याचा घोट घेतला.

"सोमवारीच सांगायचं होतंत, अक्का. छताला भोकं पाडली मी."

"छताचं काम चांगलंच झालंय. राहू दे तसंच."

"पण सांगायचं तरी…"

"सांगत होते की."

"केव्हा?"

"ऐक म्हणत होते," अक्का म्हणाल्या. "तू गायचास."

हेरंबला रडू फुटलं. चाळिशी उलटलेला माणूस, हातांना काळं लागलेलं, मानेवर ओरखडे; तो लहान मुलासारखा रडला. सकाळी बोललेला शब्द न शब्द त्याच्या छातीत घुसत होता. राखून ठेवलीत, म्हणालो मी. यांना.

अक्कांनी त्याला रडू दिलं. मग तंबोऱ्याकडे बोट केलं.

"घे तो."

"नको अक्का. आज एकदा गायलात. उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टर…"

"उद्याचं उद्या. तो डास बंद कर."

त्यानं पेटी बंद केली. यंत्र पुन्हा चालू करायला बटणाकडे हात नेला.

"ते राहू दे," अक्का म्हणाल्या. "बंदच."

तो मागे जाऊन बसला. तंबोरा उभा धरला, तारा जुळवल्या. तारा बोलायला लागल्या.

अक्कांनी मुखडा उचलला. आवाज फाटका होता, वरच्या सुराला चिरकला, मध्येच एकदा तुटलाही. त्या थांबल्या नाहीत. ओळ उतरत आली. एकेक स्वर करत खाली, षड्जाशी.

षड्ज लागला.

हेरंबच्या गळ्यात त्याचा षड्ज उभा राहिला. इतक्या वर्षांची सवय; तो आपोआप ओठांपर्यंत आला. त्यानं दात घट्ट मिटले. गाणं कधी इतकं अवघड गेलं नव्हतं.

अक्का निषादाला गेल्या.

तिथं आवाज जवळजवळ उरला नव्हता. नुसता श्वास, आणि त्याच्या कडेला थोडासा स्वर. हेरंबनं तो ऐकला. यंत्रातून ऐकला होता त्याहून किती तरी जास्त ऐकला.

मग त्या षड्जावर परत आल्या आणि थांबल्या.

आता त्याची पाळी होती. गुरूनं म्हटलं की शिष्यानं म्हणायचं, रीतच ती. अक्का पाठमोऱ्या बसून होत्या. वाट पाहत.

हेरंबची बोटं तारांवरून खाली आली. तंबोऱ्याची शेवटची आस लांबत गेली, विरत गेली, संपली. वर चौकटी होत्या, गोधड्या होत्या, स्लॅब होता. तिथून काही परत आलं नाही.

हेरंब काही म्हणाला नाही. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तो नुसता बसून राहिला.

खोलीत काहीच नव्हतं… आणि ती ओळ होती.

बऱ्याच वेळानं अक्का वळल्या. त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण पहिल्यांदा आवाज फुटला नाही. त्यांनी घसा साफ केला.

"आता आली," त्या म्हणाल्या.